ओढण्याचं बळ

माणसाच्या हातांना दोन तऱ्हेची कामं करावी लागतात: वस्तू दूर ढकलणं आणि वस्तू आपल्याकडे ओढणं. विहिरीचं पाणी शेंदणं, दावं धरून जनावर आवरणं, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर अनेकांनी मिळून रापणीचं जाळं ओढणं ही सगळी ओढण्याची कामं. नळ आला, पंप आला आणि बहुतेक घरांतून ही कामं निघून गेली. त्यांत अपार कष्ट होते, त्या कष्टांनी कित्येकांच्या पाठी झिजल्याही; ती परत यावीत असं कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्या जागी ओढण्याचं दुसरं कोणतंच काम आपल्या दिवसात आलं नाही, हेही तितकंच खरं. आजच्या शहरी माणसाचे हात दिवसभर शरीराच्या पुढे असतात: कीबोर्डवर, दुचाकीच्या हँडलवर, ओट्यावरच्या पोळपाटावर आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर. या सगळ्या वेळात खांद्याची मागची बाजू आणि पाठीचा वरचा भाग फक्त हातांचं वजन तोलून धरतात. पूर्ण जोर लावण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. हे हरवलेलं काम आता ठरवून परत आणायला हवं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. हलक्या डंबेल्सची एक जोडी पुरते, फक्त ती नेमकी कशी उचलायची हे कळलं पाहिजे.

हा भाग इतका महत्त्वाचा का, हे खांद्याच्या रचनेत दडलेलं आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या पात्यावरच्या एका उथळ खाचेत टेकलेला असतो. ही खाच इतकी लहान, की एका वेळी माथ्याचा फार तर तिसरा हिस्सा तिला टेकतो. म्हणूनच खांदा शरीरातल्या इतर कोणत्याही सांध्यापेक्षा जास्त दिशांना फिरतो आणि म्हणूनच तो सहज निखळतोही. शिवाय ते पातंही पक्कं बसवलेलं नाही. धडाच्या सांगाड्याशी त्याचा हाडाचा दुवा एकच, गळ्याजवळचं कॉलरबोन. बाकी ते बरगड्यांवर स्नायूंच्याच आधाराने सरकत असतं. शिडीचे पाय जमिनीवर घट्ट नसतील, तर वर चढणारा कितीही तरबेज असला तरी काही उपयोग नाही. हाताच्या प्रत्येक हालचालीत पात्याचं काम त्या शिडीच्या पायांचं आहे. हे काम करतात पाठीचे स्नायू. ट्रॅपिझियस हा मोठा स्नायू कवटीच्या मागच्या बाजूपासून छातीच्या पिंजऱ्यामागच्या शेवटच्या मणक्यापर्यंत पसरलेला असतो. त्याचा वरचा भाग पातं वर उचलतो, मधला कण्याकडे खेचतो, खालचा खाली ओढतो. त्याच्याखाली पात्याला कण्याशी बांधणारे ऱ्होंबॉइड असतात. खांद्याला गोलाई देणाऱ्या डेल्टॉइडचे तीन भाग. त्यांतला मागचा भाग हात मागे नेतो आणि बाहेरच्या बाजूला वळवतो. पात्याच्याच पाठीवर असलेले इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर हे दोन छोटे स्नायू दंडाचा माथा खाचेत नीट धरून ठेवतात आणि हात बाहेर वळवायला मदत करतात.

आता दुसऱ्या बाजूचं बळ पाहू. हात आतल्या बाजूला वळवणाऱ्यांत छातीचा मोठा स्नायू आहे, पाठीच्या दोन्ही कडांनी कमरेपर्यंत उतरणारा लॅटिसिमस आहे, त्याच्या जोडीला टेरेस मेजर आणि सबस्कॅप्युलॅरिस आहेत. म्हणजे आत वळवणारे दांडगे, तर बाहेर वळवणारे संख्येनेही कमी आणि आकारानेही लहान. निसर्गानेच हे पारडं पुढच्या बाजूला झुकवलेलं आहे आणि आपले व्यायाम त्यात भरच घालतात. जिममध्ये बेंच प्रेसपाशी रांग लागते, कारण छाती आरशात दिसते. घरी व्यायाम करणारा जोर मारतो. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले आणि मराठी घरांत ते आजही आदराने घातले जातात. त्यांनी कणा लवचिक होतो, दम वाढतो, यात शंका नाही. पण जोर असोत की सूर्यनमस्कार, हात जमिनीला ढकलतातच. आपल्याकडे काही ओढत नाहीत. जुन्या तालमीत ही उणीव राहत नसे. तिथे जोरांच्या जोडीला मल्लखांब होता, दोर चढणं होतं, मुद्गल फिरवणं होतं, शिवाय कुस्तीतली ओढाताण होतीच. घरातल्या सतरंजीपर्यंत त्यातले जोर तेवढे पोचले आणि ओढण्याचा अर्धा भाग आखाड्यातच राहिला.

हा सगळा तर्क झाला. त्याला प्रयोगाचा आधार काय? डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनमधल्या कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे नेमका लागू पडतो. मान आणि ट्रॅपिझियस सतत दुखत असलेल्या ४८ नोकरदार स्त्रियांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी २० मिनिटं, असे १० आठवडे डंबेल्सने खांद्यांचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम केले. त्यांत एका हाताने वजन ओढणं होतं आणि वाकून दोन्ही हात बाजूंना उघडणंही होतं. दुसऱ्या गटाने तितकाच वेळ स्थिर सायकल चालवली. तिसऱ्या गटाला फक्त आरोग्यविषयक सल्ला मिळाला. डंबेल्सच्या गटातलं दुखणं मोठ्या प्रमाणात कमी झालं आणि व्यायाम थांबल्यानंतरही तो फरक काही आठवडे टिकला. सायकलच्या गटाला व्यायाम झाल्या झाल्या थोडं बरं वाटे, पण तेवढंच. या तुलनेतून निघणारा अर्थ साधा आहे. चालणं, सायकल, पोहणं यांचे फायदे आपापल्या जागी मोठे आहेत. पण दुबळ्या स्नायूला बळ द्यायचं, तर कामही त्याच स्नायूला द्यावं लागतं.

इथे एक लोकप्रिय युक्तिवाद मी मुद्दाम बाजूला ठेवतो. पोक काढून बसलात म्हणून मान दुखते, पाठीचे व्यायाम करा म्हणजे ताठ व्हाल आणि दुखणं पळेल, असं सर्रास सांगितलं जातं. मोबाइल पाहताना मान ६० अंश वाकली, की मानेवर २७ किलोंचा भार पडतो, हा आकडाही व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो २०१४ साली संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला हिशेब आहे. माणसांच्या माना आणि त्यांचं दुखणं मोजून आलेला निष्कर्ष नव्हे. ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींची बसण्याची ढब मोजली गेली, तेव्हा पुढे झुकलेली मान आणि मानेचं दुखणं यांचा थेट संबंध दिसला नाही. म्हणून ताठपणाचं आमिष दाखवून हे व्यायाम कोणाच्या गळी उतरवू नयेत. त्यांचं खरं कारण त्याहून भक्कम आहे. बसण्याची ढब कोणतीही असो, तासन्‌तास हात पुढे धरून काम करायचं तर त्या भागात तेवढी क्षमता हवी. स्नायूची कमाल ताकद वाढली, की रोजचं तेच काम त्या ताकदीचा लहानसा हिस्सा वापरून होतं आणि स्नायू उशिरा थकतो. लाभ आहे तो असा. खांदे दिसायला थोडे मागे गेले तर चांगलंच, पण तेवढ्यासाठी कोणी डंबेल हातात घेऊ नये.

डंबेल हातात घेतलं, की बहुतेकांची पहिली चूक होते वजनाच्या निवडीत. दोन किलोचं डंबेल पाहून धडधाकट माणसाला ते लहान मुलाचं खेळणं वाटतं. पण थोडा हिशेब करा. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाचा हात ३ किलोचा. तो हात बाजूला पसरला, की त्याच्या टोकाला, खांद्यापासून जवळपास ६० सेंटिमीटरवर, आणखी दोन किलो येतात. हा सगळा भार पेलणारा मागचा डेल्टॉइड मात्र सांध्यापासून जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावरून ओढत असतो. तरफेचा नियम शाळेत सगळ्यांनीच शिकलेला असतो: भार लांब आणि जोर जवळ असेल, तर जोर भाराच्या कितीतरी पट लागतो. म्हणून दोन किलो हे त्या स्नायूच्या दृष्टीने दोन किलो राहतच नाहीत. त्यात भर म्हणजे वजन नेहमी सरळ खालीच खेचतं. वाकून हात बाजूंना उघडताना सुरुवातीला, हात लोंबकळत असताना, खांद्यावर जवळजवळ काहीच भार नसतो आणि हात जमिनीला समांतर होतो तिथे तो सर्वांत जास्त असतो. नेमक्या त्याच जागी स्नायू पूर्ण आखडलेला, म्हणजे कमी ताकदीचा असतो. जड डंबेल घेणाऱ्याला ही वरची जागा गाठताच येत नाही. मग तो कमरेने हिसका देतो, खांदे कानाशी चढवतो, आणि ज्याच्यासाठी व्यायाम मांडला तो स्नायू सोडून बाकी सगळे राबतात.

वाकून हात बाजूंना उघडण्याची ही पहिली हालचाल नीट कशी होते, ते जरा जवळून पाहू. खुर्चीच्या कडेवर बसा किंवा पावलं कमरेइतकी रुंद ठेवून उभे राहा. गुडघे किंचित वाकवा आणि कमरेतून पुढे झुका, इतके की छाती जमिनीकडे पाहील. पाठ मात्र गोल होऊ देऊ नका. कंबर दुखत असेल, तर तिरप्या बाकावर छाती टेकून किंवा पलंगाच्या कडेला पालथं पडून हाच व्यायाम करा. हिसका द्यायला मग वावच उरत नाही. हात खाली सैल सोडा, तळवे समोरासमोर ठेवा, कोपरांत किंचित बाक राहू द्या. आता मुठी वर उचलण्याचा विचार सोडून द्या आणि कोपरं दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे न्यायची आहेत, एवढंच मनात धरा. हात खांद्यांच्या रेषेत आले, की एक क्षण थांबा. मग दोन-तीन सेकंद घेत, वजन न सोडता खाली आणा. मान लांब राहिली पाहिजे. खांदे कानांकडे सरकले, तर कष्ट ट्रॅपिझियसच्या वरच्या भागाने उचलले असं समजा. दोन्ही पाती एकमेकांना जोरात आवळली तरी असंच काहीसं होतं. मधला ट्रॅपिझियस आणि ऱ्होंबॉइड पुढे येतात आणि मागच्या डेल्टॉइडचा वाटा घटतो. तळव्यांच्या दिशेलाही अर्थ आहे. २०१३ च्या एका चाचणीत यंत्रावर हीच हालचाल करताना स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली, तेव्हा तळवे समोरासमोर असताना मागचा डेल्टॉइड आणि इन्फ्रास्पायनेटस अधिक जागे झालेले आढळले. अशा मोजणीवरून स्नायू किती वाढेल याचं भाकीत करता येत नाही, हे खरं. पण सुरुवात कुठून करावी, एवढं ती नक्की सांगते.

दुसरा व्यायाम वजन ओढण्याचा, म्हणजे रोइंगचा. एक हात आणि त्याच बाजूचा गुडघा बाकावर किंवा पलंगावर टेकवायचा, दुसऱ्या हातातलं डंबेल वर ओढायचं. इथे कोपर कोणत्या वाटेने जातं, यावर सगळं ठरतं. कोपर बरगड्यांना घासत कमरेकडे गेलं, तर मुख्य काम लॅटिसिमसचं होतं. तेच कोपर धडापासून दूर, ६० अंशांच्या आसपास फाकवून छातीच्या उंचीवर ओढलं, तर मागचा खांदा आणि पाठीचा वरचा भाग कामाला लागतो. ओढताना दोन-तीन किलोंपेक्षा बरंच जास्त वजन चालतं, कारण कोपर वाकल्याने तरफ आखूड होते. तिसरा व्यायाम ट्रॅपिझियसच्या खालच्या भागासाठी: पालथं पडून हात डोक्याच्या पुढे तिरपे उचलायचे, अंगठे छताकडे. यासाठी अर्धा-एक किलोही भरपूर आहे. सुरुवातीला रिकामे हातच पुरतात. चौथा व्यायाम दिसायला अगदी किरकोळ: कुशीवर पडायचं, वरच्या हाताचं कोपर काटकोनात वाकवून अंगाशी ठेवायचं, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरायची आणि मूठ पोटापासून छताकडे फिरवायची. इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर या व्यायामात विशेष जोमाने काम करतात, असं स्नायूंच्या मोजणीत दिसलेलं आहे. डंबेल नसलं, तर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलो, हे माप घरात असतंच.

एवढ्या हलक्या वजनाने स्नायू खरंच वाढेल का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. कमी आणि जास्त वजनांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सेट स्नायू थकेपर्यंत नेला, तर स्नायूची वाढ दोन्ही पद्धतींत जवळपास सारखीच होते, असं त्यात दिसलं. एका दमात उचलता येणारी कमाल ताकद मात्र जड वजनाने जास्त वाढते. मागच्या खांद्याला विक्रम करायचे नसतात, त्यामुळे हलकं वजन इथे पुरेसं ठरतं. पण हलकं म्हणजे फुकटचं नव्हे. बारा-पंधरा वेळा उचलल्यावरही गप्पा मारता येत असतील, तर ते वजन तुमच्यासाठी उरलेलं नाही. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडावेत आणि तरीही ढब मोडू नये, हे खरं वजन. पंधरा वेळा सहज होऊ लागलं, की अर्धा-एक किलो वाढवायचं. डेन्मार्कच्या प्रयोगातही भार हळूहळू वाढवत नेला होता. खांदे रुंद होतील, या धास्तीने अनेक स्त्रिया डंबेलपासून दूर राहतात. त्या प्रयोगातल्या सगळ्या जणी स्त्रियाच होत्या आणि त्यांना लाभ झाला तो दुखणं कमी होण्याचा. डोळ्यांत भरण्याइतकी रुंदी वर्षानुवर्षांच्या जड सरावाशिवाय आणि त्याला साजेशा आहाराशिवाय येत नाही.

नियमित जिमला जाणारा वेगळा आक्षेप घेईल: माझ्या व्यायामात पाठीचा दिवस असतो, लॅट पुलडाउन असतो, मग मागच्या खांद्याचे आणखी लाड कशाला? हा आक्षेप काही अंशी बरोबर आहे. जो कोपरं फाकवून नेटाने रोइंग करतो, त्याच्या मागच्या डेल्टॉइडला बरंच काम मिळतं आणि त्याला आठवड्याला दोन-चार सेटची भर पुरते. पण लॅट पुलडाउनवर विसंबणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं, की त्या व्यायामाचा मुख्य मानकरी लॅटिसिमस हात आत वळवणाराच आहे. पाठ मजबूत होत असताना आत-बाहेरचा तोल मात्र तिथेच राहतो. घरी जोर मारणाऱ्याला तर हा आक्षेप लागूच होत नाही, कारण त्याच्या वेळापत्रकात ओढण्याला जागाच नसते. त्याने जोर सोडू नयेत. ढकलण्याच्या प्रत्येक सेटला ओढण्याचा एक सेट जोडावा.

उरली दुखणं असलेल्यांची काळजी. दुखतंय म्हणून हात जपून ठेवायचा, ही आपली सवय. पण डेन्मार्कमधल्या त्या स्त्रिया दुखणं घेऊनच प्रयोगात आल्या होत्या आणि वजन उचलूनच त्यांना आराम पडला. कामाच्या ताणाने भरून येणारे, अवघडणारे खांदे हालचालीने बिघडत नाहीत, सुधारतात. व्यायामानंतर दोन दिवस स्नायू ठणकणं हेही स्वाभाविक आहे. काही खुणा मात्र वेगळ्या असतात. हातात मुंग्या येणं किंवा पकड सुटणं, पडल्या-आपटल्यानंतर हात वर न जाणं, रात्री झोप मोडणारी वेदना, हात दिवसेंदिवस आखडत जाणं या तक्रारी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवाव्यात. मधुमेहींनी शेवटच्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावं, कारण फ्रोझन शोल्डर त्यांच्यात जास्त आढळतो. छातीत दाबल्यासारखं होऊन कळ खांद्यात किंवा डाव्या हातात जात असेल, तर तो व्यायामाचा विषयच नाही. ताबडतोब रुग्णालय गाठावं.

वेळ नाही, ही सबब या बाबतीत फार काळ टिकत नाही. डेन्मार्कमध्येच २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांपैकी काहींनी रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम केला, दिवसाला फक्त दोन मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांनी त्यांचंही दुखणं कमी झालं होतं, तोच व्यायाम बारा मिनिटं करणाऱ्या दुसऱ्या गटाचंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या प्रमुख स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत असं म्हटलं आहे. त्या दोन दिवसांत वर सांगितलेल्या चार व्यायामांचे दोन-दोन सेट पंधरा-वीस मिनिटांत आटोपतात. कार्यालयात पाच-सात डंबेल्स ठेवण्याचा खर्च एका बऱ्या खुर्चीपेक्षा कमी येईल. शाळेच्या कवायतीच्या तासाला जोर-बैठकांच्या जोडीने दोराला लोंबकळणं आणि ओढणं परत आणलं, तर तो खर्चही वाचेल. जिमच्या प्रशिक्षकांनी नव्या मुलाला बेंच प्रेसआधी रोइंग शिकवावं. पाण्याचा रहाट गेला याचं दुःख नको; त्याने पाठीला दिलेलं काम मात्र आपण सोडून देऊ नये, कारण शरीराला त्याची गरज आजही तितकीच आहे आणि ती भागवायला आज दोन किलोची एक जोडी आणि थोडा नेमकेपणा एवढंच लागतं.